डिप्रेशन होऊन गेलं, आता त्याच्यावरच पीएचडी करू का?

या वेळचं पत्र धायरीहून आलंय. थोडं कापून देतेय, बाकी शब्द त्याचेच.

"मॅडम, मी २७ वर्षांचा. इंजिनिअरिंग करून हिंजवडीत आयटीत तीन वर्षं काढली. तिथेच डिप्रेशन आलं, सात-आठ महिने गोळ्या आणि काउन्सेलिंग, मग डॉक्टरांनीच हळूहळू गोळ्या बंद केल्या. नोकरी सोडून एमए सायकॉलॉजी केलं, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालं पण जेआरएफ (त्याच परीक्षेतली पीएचडीची फेलोशिप) थोडक्यात हुकलं. मला डिप्रेशनवरच पीएचडी करायचीय आणि प्राध्यापक व्हायचंय. आई म्हणते, एकदा त्या विहिरीतनं वर आलास, आता तिच्या काठावरच घर बांधणार का? बाबा म्हणतात, सीएचबीवर (तासावर शिकवण्याचे) किती मिळतात ते आधी विचारून ये. एक सर म्हणाले इंटरव्ह्यूत स्वतःला झालं होतं हे चुकूनही बोलू नको. मित्र म्हणतो क्लिनिकल कर, क्लिनिक टाक, पैसा आहे. मला रात्री सगळ्यांचं पटतं आणि सकाळी उठलं की कोणाचंच पटत नाही. काय करू?"

अरे, तुझ्या आईचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाई भारी बोलतात, आणि त्यांना वाटणारी भीती खोटी नाहीये. पण त्यांना वाटतंय तसं ते काम नसतं. मी ३१ वर्षं सायकॉलॉजी शिकवली, त्यातली बरीच वर्षं डिप्रेशनवर काम केलं, तर तुला आतलं सांगते. डिप्रेशनचा अभ्यास करणारा प्राध्यापक विहिरीच्या काठावर बसलेला नसतोच. तो स्टाफरूममध्ये बसून नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या तपासणीच्या, फायली लावत असतो. एफवायच्या प्रॅक्टिकल बॅचला मुलर-लायरच्या दृष्टिभ्रमाच्या रेषा दाखवून कोणती लांब वाटते ते लिहा रे म्हणत असतो, जर्नलं तपासत असतो, मे महिन्यात कॅप सेंटरला, म्हणजे पेपर तपासणी केंद्रावर, पंख्याखाली पेपरचे गठ्ठे उपसत असतो, आणि हे सगळं करून वेळ उरला तर एक्सेलच्या शीटमध्ये दोनशे लोकांचे फॉर्म भरतो आणि रात्री अकराला त्याच्या लक्षात येतं की रो नंबर ८७ पासून पुढचे सगळे आकडे एक कॉलम सरकलेत. दुःख म्हणशील तर ते या सरकलेल्या कॉलमचं जास्त असतं. गंमत नाही करत. विषय उदास आहे म्हणून काम उदास असतं असं नाही, हाडांच्या डॉक्टरचं हाड थोडंच रोज मोडतं.

तेव्हा आई ज्याला घाबरतायत त्याने तुझं वाकडं होईल असं मला वाटत नाही. तुझा घात करू शकतील अशा गोष्टी वेगळ्या आहेत, त्या पुढे येतील.

आधी तू कुठे चाललायस ते बघू, कारण पत्रात तुझा आणि मित्राचा दोघांचाही थोडा घोळ झालाय. सायकॉलॉजीचा प्राध्यापक हा पेशंट बघणारा माणूस नव्हे. गोळ्या लिहिणार सायकियाट्रिस्ट, तो एमबीबीएस करून आलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि रजिस्ट्रेशन लागतं, नुसत्या एमएवर पाटी लावता येत नाही (लावतात पुष्कळ जण, ते सोड). तू म्हणतोयस ती तिसरी वाट, शिकवणं आणि संशोधन. सोसायटीतले लोक तरी तुला क्लिनिकवालाच समजणार, मंडळाचे कार्यकर्ते गणपतीत 'तणावमुक्त जीवन' यावर अर्धा तास बोला म्हणून येणार आणि वर नारळ देणार. घ्यायचा.

आता संशोधन म्हणजे नेमकं काय ते एका घरातलं सांगते. पीएचडीच्या वेळी मी डिप्रेशन मोजायची बेकची प्रश्नावली वापरत होते. आरन बेक या अमेरिकन सायकियाट्रिस्टने १९६१ साली काढलेली, २१ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शून्य ते तीन मार्क. ती मराठीत आणायची होती. मराठी करायचं, मग दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजी करून घ्यायचं आणि मूळ अर्थाशी जुळतंय का बघायचं, हे सगळं रीतसर केलं आणि मी खुशीत भवानी पेठेतल्या एका वाड्यात गेले. साठीच्या आजी, समोर परातीत गहू निवडायला घेतलेले. मी विचारलं, 'आजी, तुम्ही स्वतःला दोष देता का?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'स्वतःला कशाला? नशिबाला देते की.' आता लिही काय लिहायचं ते! फॉर्मप्रमाणे शून्य. पण समोर दिसत होतं की बाई दोन महिन्यात निम्म्या झाल्यात, बोलता बोलता हात गव्हावर तसाच थांबतो आणि थांबलेला त्यांना कळतही नाही. पुढे 'अपराधी वाटतं का' विचारलं तर त्या जरा चिडल्याच, मी कोणाचं काय केलंय म्हणून. आणि शेवटी मी फॉर्म मिटल्यावर सहज म्हणाल्या, 'डोकं बधिर झालंय बघ, कशात जीव लागंना. रडू येईल तर बरं वाटंल, पण ते पण येईना.'

जे हवं होतं ते त्या वाक्यात होतं आणि माझ्या २१ प्रश्नांत ते नीट बसत नव्हतं. घरी येऊन मी गाईडना सांगितलं तर ते म्हणाले स्केल बदलू नका, स्टँडर्ड आहे. (त्याच गाईडनी पुढे माझं तिसरं प्रकरण आठ महिने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. विचारलं की म्हणायचे, बघतोय.)

ते 'रडू येईना' माझ्या डोक्यात कित्येक वर्षं अडकून होतं. मग एक पेपर वाचनात आला, जोनाथन रोटनबर्ग नावाच्या माणसाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, २००२ सालचा. त्यांनी डिप्रेशन असलेल्या आणि नसलेल्या लोकांना एक रडवणारी फिल्म दाखवली. आपण काय धरून चालतो, की डिप्रेशनवाला म्हणजे रडका, तो धाय मोकलून रडणार. तसं झालं नाही, ते इतरांपेक्षा जास्त रडले नाहीत. पुढच्या कामात या लोकांनी मांडलं की डिप्रेशनमध्ये भावना वाढत नाहीत तर बोथट होतात, वाईटाला पण आणि चांगल्याला पण. माझ्या आजी भवानी पेठेत गहू निवडता निवडता हेच सांगून गेल्या होत्या, फक्त मला ते मोजायचं कसं हे सुचलं नव्हतं.

आणि हा रोटनबर्ग कोण माहितीये? म्हणून तर त्याचं नाव काढलं. तो आधी इतिहासात पीएचडी करत होता, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. तिथे विशीत त्याला जबरदस्त डिप्रेशन आलं. त्यातून निघाला आणि विषयच बदलला, सायकॉलॉजीकडे वळला, स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली आणि मग फ्लोरिडात प्राध्यापक झाला. म्हणजे तुझंच, फक्त इंजिनिअरिंगच्या जागी इतिहास. बरं झालेल्या माणसाला सुचावा असा एक प्रश्न त्याला पुढे सुचला, की आम्ही सगळे पुन्हा डिप्रेशन कोणाला येतं हेच मोजत बसलोय, जे त्यातून निघून मजेत जगतायत त्यांना कोणी विचारलंय का? मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा डेटा घेऊन बघितलं, आणि दहा वर्षांनी डिप्रेशनवाल्यांपैकी दहात साधारण एक जण नुसता बरा नाही तर चांगला फुललेला निघाला. डिप्रेशन कधी नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण पाचात एक. आता हा आकडा थोडा की जास्त ते तू ठरव. मला तो आवडतो, कारण तोवर तो कोणी फारसा शोधतच नव्हतं.

तर तुला झालं होतं ही काही अपात्रता नाही. पण उलटीकडूनही सांभाळ. तुला झालं म्हणून तुला डिप्रेशन कळलं असं होत नाही, तुला तुझं कळलं. हिंजवडीतल्या २४ वर्षांच्या पोराचं. दोनशे लोकांचा डेटा आला आणि तो तुझ्या अनुभवाशी जुळेना, तर डेटा चुकलाय असं म्हणायचा मोह होईल, बघ. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, हुशार, तिला पक्कं वाटत होतं की सगळं घरच्या अपेक्षांमुळे होतं, कारण तिचं तसं झालेलं. तिच्या आकड्यांत अपेक्षा कुठेच येईना, झोप आणि पैशाची चणचण येत होती. दोन महिने ती माझ्याशी भांडली. मग स्वतःच एक दिवस आली आणि म्हणाली, मॅडम, प्रकरण परत लिहिते.

या धंद्यात मोठमोठ्यांचं हे झालंय. बेक मुळात फ्रॉइडच्या पठडीतला, डिप्रेशन म्हणजे आतल्या आत वळलेला राग असं मानणारा. ते सिद्ध करायला पेशंटची स्वप्नं तपासायला गेला आणि स्वप्नात राग सापडेना, सापडलं ते हरणं, गमावणं, नापास होणं. गड्याने आपली थिअरी सोडून दिली आणि त्यातनं कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे माणसाच्या विचारांवर काम करणारा उपचार, निघाली. सेलिग्मन आणि मायर या दोन अमेरिकन सायकॉलॉजिस्टचं तर अजून भारी. १९६७ साली कुत्र्यांवर प्रयोग केले, सांगितलं की शॉक टाळता येत नाही असं दिसलं की प्राणी असहाय्यता 'शिकतो'. जगभर सगळ्या पुस्तकात ते गेलं, मी पण फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल. मधल्या काळात मायर मेंदूच्या संशोधनात शिरला, आणि २०१६ साली दोघांनी मिळून लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो, गप्प पडून राहणं ही मुळातलीच प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे. जवळजवळ पन्नास वर्षांनी! मी तेव्हा रिटायरमेंटच्या जवळ आले होते, ती नोट्सची वही परत उघडायची वेळ आली. करिअर म्हणतात ते हे, आणि हे तुला चालणार असेल तरच ये.

आता तुझं ते 'रात्री सगळ्यांचं पटतं आणि सकाळी कोणाचंच नाही'. हसू आलं, पण त्यावर थोडं थांबते. आपल्याकडे गाय खाल्लेलं परत तोंडात आणून चघळत बसते त्याला रवंथ म्हणतात, आणि इंग्रजीत मनाच्या या सवयीला दिलेला शब्द पण गाईवरूनच आलाय. याच्यावर आयुष्य घालवलं सुझन नोलन-होक्सेमाने, पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक होती, २०१३ मध्ये अवघ्या ५३ व्या वर्षी गेली. १९८९ साली ती स्टॅनफर्डला होती, तिथल्या विद्यार्थ्यांची उदास झाल्यावर काय करता अशी प्रश्नावली भरून घेतलेली आणि पंधराएक दिवसांत, १७ ऑक्टोबरला, तिकडे मोठा भूकंप झाला. तिने परत त्याच मुलांना गाठलं. जी मुलं आधीपासून रवंथ करणारी होती त्यांच्यात भूकंपानंतर उदासी जास्त निघाली. हे मी वर्गात शिकवत होते ते किल्लारीच्या भूकंपानंतरचं वर्ष होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच विसर्जन होऊन लोक झोपलेले. वर्गात उमरग्याकडचा एक मुलगा होता, तो शेवटच्या बाकावरून म्हणाला, 'मॅडम, आमच्याकडं रवंथ करायला वेळच नव्हता, छपराला पत्रे शोधत होतो.' वर्ग गप्प. मला पण पुढे काय बोलावं कळेना. पण नंतर वाटलं की या पोराने एका वाक्यात दोन पेपर दिलेत, एक तर हाताला काम असण्यावर आणि दुसरा कॅलिफोर्नियातली थिअरी उमरग्यात चालते का यावर. ते दोन्ही मी केले नाहीत. तू कर.

हाताला काम हे नुसतं बोलणं नाही बरं का. गोव्यात संगाथ म्हणून संस्था आहे, १९९६ पासूनची, विक्रम पटेल वगैरे मंडळींची. त्यांनी डॉक्टर नसलेल्या, सायकॉलॉजीची डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केलं, सहा ते आठ बैठका, मुख्य भर कशावर, तर सुटलेली छोटी छोटी कामं परत सुरू करण्यावर. नेहमीच्या उपचाराला याची जोड दिली तर लोक जास्त बरे झाले, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलंय. तुला विषय शोधायचाच असेल तर अमेरिकेकडे कशाला बघतोस, गोवा एका रात्रीच्या बसवर आहे.

आता ज्याबद्दल मला खरंच काळजी आहे ते. बेकच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दल आहे. आता सगळीकडे चालते ती पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली, तिच्यातही योगायोगाने नववाच. माझ्या पीएचडीच्या वेळी नारायण पेठेत, जिन्याच्या वर दोन खोल्या, माझ्याच वयाची बाई. नवव्या प्रश्नाला तिने शांतपणे तिसरा पर्याय सांगितला. मी काय केलं असेल? मी दहावा प्रश्न विचारला. मग अकरावा. फॉर्म अर्धा राहिला तर सॅम्पल बाद होतं ना, असे बाराच्या बारा विचारले, धन्यवाद म्हटलं आणि जिना उतरून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत आले. तिथे पुस्तकांच्या दुकानासमोर उभी राहिले आणि माझे हात कापायला लागले. परत गेले. ती कुकर लावत होती. म्हटलं मघाशी तुम्ही नवव्या प्रश्नाला जे सांगितलंत ते... तर ती म्हणाली, 'हो. आजवर कोणी विचारलंच नव्हतं, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.' त्या संध्याकाळी तिच्या जावेला बोलावून घेतलं, रात्री एकटी ठेवायची नाही असं ठरवलं, दुसऱ्या दिवशी तिघी ससून हॉस्पिटलला गेलो. पुढचं तिचं तिच्यापाशी.

तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की हा प्रश्न विचारायच्या आधी उत्तराची तयारी ठेवावी लागते. आता एथिक्स कमिटी विचारते, आणि विचारलंच पाहिजे, की असं उत्तर आलं तर त्याच तासात काय करणार, कोणाला फोन करणार, कुठल्या डॉक्टरांनी हो म्हटलंय, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर माणसाच्या हातात देणार का. बहुतेक मुलं तिथे एक ओळ लिहून मोकळी होतात. तू स्वतः त्या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला कधी बसला असशील, पत्रात लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. पण ठरवून ठेव की फील्डवर असा दिवस आला की त्या रात्री तू कोणाशी बोलणार. गाईड चालेल, जुने काउन्सेलर चालतील, दोस्त चालेल. एकट्याने घरी येऊन डेटा एंट्री करत बसायचं नाही.

आणि परत डिप्रेशन येईल का, हा आईचा न विचारलेला प्रश्न. एकदा होऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांना तरी पुढे कधीतरी परत येतं असं आमची पुस्तकं सांगतात, आणि ते तू बँकेत लागलास तरी तसंच आहे. पीएचडीमुळे धोका वाढतो का? २०१८ साली एक पाहणी खूप गाजली होती, त्यात संशोधक विद्यार्थ्यांपैकी ३९ टक्के लोक डिप्रेशनच्या मध्यम ते तीव्र पट्ट्यात निघाले. पण ती ऑनलाइन होती, आणि असा फॉर्म कोण भरतं? ज्याला बोच आहे तो आधी भरतो. तरी धूर आहे तिथे काहीतरी आहे. एकटेपणा, ड्रॉवरमध्ये अडकलेली प्रकरणं, पैशाची ओढाताण, या गोष्टी माणसाला खातात, विषय कुठलाही असो. केमिस्ट्रीवाल्यांना पण.

म्हणून बाबांचा प्रश्न मला घरातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, आणि दर वर्षी परत अर्ज. पक्की असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाली तर मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, वर भत्ते, आयटीवाल्याला हसू येईल पण पुण्यात जगता येतं. प्रश्न एवढाच की 'मिळाली तर' या दोन शब्दांत किती वर्षं जातील. मी स्वतः पाच वर्षं तीन कॉलेजांत लुनावर फिरले, सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, टिळक रोडवर सिग्नलला उभं राहून डबा खाल्लाय. लग्न झालेलं होतं, घर चालवायला नवऱ्याचा पगार होता, म्हणून जमलं, हे मी लपवणार नाही. तुझ्याकडे काय आहे? तीन वर्षांची शिल्लक किती उरलीय ते कागदावर मांड.

आणि जेआरएफला अजून एकदा बस, दोनदा बस. पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, मग ४२,०००. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३० आहे, तुझ्याकडे वेळ आहे पण भरपूर नाही. थोडक्यात हुकलं म्हणतोस, बहुतेकांचा पहिला पेपर घात करतो, ते पन्नास प्रश्न दुसऱ्या पेपरच्या शंभरांइतकेच मन लावून कर. तू कुठल्या प्रवर्गातला ते लिहिलं नाहीस, पण बार्टी, सारथी, टीआरटीआय या सरकारी संस्थांची ऑफिसं पुण्यातच आहेत आणि महाज्योती नागपूरला, बसत असशील तर त्यांच्या फेलोशिपची चौकशी कर, लाजू नको. आत्ताच्या नेट स्कोअरवर पीएचडीला प्रवेश घ्यायचा तर तो वर्षभरच चालतो, त्यात ७० टक्के वजन नेटच्या मार्कांना आणि ३० मुलाखतीला, तेव्हा तारीख बघून ठेव. फेलोशिप नसताना पीएचडीत उडी मारू नकोस असं मी स्पष्ट सांगते. वर्षभर अर्धवेळ आयटीचं काम मिळत असेल तर घे, त्यात कमीपणा नाही, उलट डेटा हाताळता येणारा सायकॉलॉजीवाला आमच्याकडे सोन्यासारखा. तुझं कोडिंग वाया गेलंय असं समजतोयस बहुतेक. अजिबात नाही, माझ्या ८७ नंबरच्या रोला तू पाच मिनिटांत पकडलं असतंस.

इंटरव्ह्यूत सांगू का? त्या सरांचं अर्धं बरोबर. मार्शा लिनहान, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या, जगभर वापरली जाते अशी थेरपी त्यांनी काढली, आणि सतराव्या वर्षी आपण स्वतः मनाच्या त्रासासाठी हॉस्पिटलमध्ये होतो हे जाहीर केलं २०११ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, त्याच हॉस्पिटलमध्ये जाऊन. तोवर त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. तुझं तेवढं नाव अजून व्हायचंय. पॅनलवर पाच जण असतात, त्यातल्या एकाने जरी मनात 'हा मुलगा टिकेल का' असं लिहिलं की संपलं, आणि ते तुला कळणारही नाही. खोटं बोलू नको, पण ताटात वाढून पण देऊ नको. 'हाच विषय का' विचारलं तर विषयातनं उत्तर दे. गाईड मिळाल्यावर, वर्षभर त्यांचा स्वभाव पाहून, गरज वाटली तर सांग. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझ्या उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुला दिलाय, तू तो वापरतोयस एवढंच.

गाईड निवडताना मात्र नावाला भुलू नको. त्यांच्याकडच्या जुन्या पोरांना चहाला ने आणि एकच विचार, प्रकरण दिल्यावर किती दिवसांत परत मिळतं.

राहिली आई. पत्राच्या खाली तू लिहिलंस की ती अजून रोज रात्री दार ढकलून झोपलास का बघते, आणि तुला त्याचा राग येतो. तिला विहिरीचं सांगत बसू नको. तिला काम दे. तुझी पहिली लक्षणं कोणती होती ती तुला आठवत असतील, झोप मोडणं, आंघोळ टाळणं, फोन न उचलणं, काय असतील ती, चार गोष्टी तिच्यासोबत बसून लिहा. यातल्या दोन सलग पंधरा दिवस दिसल्या तर तिने थेट तुला बोलायचं आणि तू डॉक्टरांकडे जायचं, वाद घालायचा नाही, असं कबूल कर. डॉक्टरांचा नंबर तिच्या फोनमध्ये टाकून दे. दार ढकलणं लगेच बंद होणार नाही. तीनेक महिने जातील.

आणि तू या रविवारपर्यंत दोन पानं लिही, हाताने लिहिलीस तरी चालेल. एका पानावर तुझा प्रश्न, 'डिप्रेशनचा अभ्यास' असा नाही, एका वाक्यात मावेल असा, आणि कोणाला विचारणार, कुठल्या भागात, कुठल्या मराठीत. दुसऱ्या पानावर नवव्या प्रश्नाला कोणी तिसरा पर्याय सांगितला तर जिना उतरायच्या आधी तू काय करणार ते. दुसरं पान आधी लिही.